फोडलेली कोला

उमुओकेझी, १२ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. उझोमा हीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्रथम निषेध. तू लंडनहून धाडलेले लोकरी मोजे पावले. ज्या गावात चिखल आणि धूळ असे दोनच ऋतू, तेथे निवृत्त लॅटिन मास्तराच्या चरणयुगुलावर मेंढी चढवण्याचे प्रयोजन काय, हे तुझ्या महिला मंडळाने ठराव करून कळवावे.

दुसरी बातमी कडू आहे. आबा शहराहून चव्वेचाळीस वर्षांचा एक कापडवाला मागणी घालायला पाहुणे घेऊन आला. आपल्या कैलासवासी भावाची बायको उगोये मला म्हणाली होती, की मागणी तिच्या थोरल्या मुलीला, एझिन्नेला आहे. ती एकवीस वर्षांची, तिची ना नव्हती. घरातला वडील म्हणून मी दिलेला शब्द पक्का करणारी कोलाची कडू बी हातात घेऊन लांबलचक प्रार्थना म्हटली, बी फोडली, सर्वांनी तुकडे चावले. मग पाहुणे म्हणाले, की तुमच्या अंगणातलं धाकटं फूल द्या. म्हणजे ओलान्मा. चौदा वर्षांची! मी ओरडलो, तर उगोयेने विचारलं, की भाऊजी, चावलेली कोला कोणी थुंकतं का? तिच्या दोन्ही मुलग्यांच्या शाळेचा खर्च तो करणार आहे.

तुझा,
दादा

लंडन, ३ मार्च १९९६

ती. दादास सा. न. वि. वि.

मोजे बकरीला घाल. तुझ्या प्रार्थनेत शिजलेला सुरण गार होतो हे ठाऊक होतं. पोर जाते हे नव्हतं.

आम्ही चाळीसजणींनी सरकारला पत्रं धाडलीत. आपल्याकडच्या कायद्यानं सोळाच्या आतलं लग्न लग्नच नव्हे. पण आमची वकीलबाई म्हणते, की ठाण्यात तक्रार घरच्या वडिलानं केली तरच वजन पडेल. म्हणजे तू. कोला एझिन्नेसाठी होती, हे चारचौघांत सांग. लाजू नकोस रे. ऑगस्टच्या बायकांच्या सभेला आम्ही गावी येतोच. तोवर कसंही करून लांबव.

तुझी धाकटी,
उझोमा

उमुओकेझी, ३० जून १९९६

चि. सौ. उझोमा हीस आशीर्वाद.

तक्रार केली. अंमलदार माझाच विद्यार्थी निघाला. खुर्ची दिली, आणि म्हणाला, की सर, कोला तुम्हीच फोडलीत, काय ती प्रार्थना, आबापर्यंत लोक वाखाणतात! लग्नाचं आमंत्रण त्यालाही होतं.

ईस्टरनंतर लग्न झालं. ताडीचा पेला घेऊन नवरीनं गर्दीतून नवरा शोधायचा. ओलान्माला तो ओळखताच येईना. दोन म्हाताऱ्यांसमोर गुडघे टेकून झाले, तेव्हा मैत्रिणींनी बोट दाखवलं. मांडव हसला. सवयीनं मीही हसलो.

ऑगस्टात तुम्ही बालविवाहावर बोलाल, तेव्हा ती बायकांत बसलेली असेल. तिच्याकडे बघून बोलू नका. माझ्यावरचा लोभ कमी केलास तरी तक्रार नाही.

परवा ती येऊन गेली. तिसरा महिना आहे. सुईणीनं तिची अरुंद कंबर चाचपली आणि पुन्हा पुन्हा वितीनं मोजली. उझोमा, ही पोर बाळंतपणातून वाचेल असं मला वाटत नाही.

दादा