शोभाच्या पार्लरमधला निळा ड्रम

३ मार्च, रवि.
उमापूरला येऊन तीन आठवडे. केसांचा झाडू झालाय. पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, धूळ तर कानातसुद्धा. अलिबागला दर रविवारी समुद्राजवळच्या त्या पार्लरमध्ये तासभर तेल-मालिश, मग कोमट पाण्याने डोकं धुणं. सहा वर्षं केलं, कधी चैन वाटली नाही. दूध संघाने बढती दिली आणि इथल्या शीतकरण केंद्रावर आणून टाकलं. बढती म्हणे.
क्लार्कला विचारलं, गावात बरं पार्लर कुठे आहे. "पार्लर? मॅडम, इथं प्यायला पानी न्हाई." आणि असा पाहत राहिला जसं काही मी दारूचा गुत्ता विचारला.

६ मार्च, बुध.
चकलांब्याला एक आहे कळलं म्हणून सुटल्यावर गेले. कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. शेजारच्या टपरीवाल्याने विचारलं, "कुठल्या तुमी?" नाव सांगितलं, नोकरी सांगितली. तेवढ्याने भागेना. आडनाव सांगितल्यावर "हां" म्हणाला आणि परत मोबाइलमध्ये. वैताग. येताना जीपमध्ये शेळीशेजारी बसले.

१० मार्च, रवि.
सापडलं, तेही गावातच. किराणा दुकानामागच्या खोलीत शोभाचं पार्लर. आरशाला तडा, खुर्ची कुठल्या तरी सलूनमधून आणलेली. दाराशी मोठा निळा ड्रम. टँकर सुरू झाल्यापासूनची पद्धत अशी की येणारीने घरून पाणी आणायचं, ड्रममध्ये ओतायचं, सगळ्यांची डोकी त्यातूनच धुवायची. जिला जमेल तिने आणायचं. एक म्हातारी मोकळ्या हाताने आली होती, तिचं डोकं धुऊन झालं.
मीही मोकळ्या हाताने. शोभाने गाव विचारलं, नोकरी, आडनाव. मग, "आज डोकं र्‍हाऊ द्या मॅडम. पुढच्या टायमाला पानी घेऊन या." आयब्रो करून परत आले. म्हातारीचं काय मग? असो. ओळखीची असेल.

१७ मार्च, रवि.
आज कॅन भरून नेला. केंद्राच्या बोअरला मशीन थंड ठेवण्यापुरतं पाणी अजून आहे, त्यातून स्टाफला थोडं मिळतं. ड्रमचं झाकण उघडायला गेले तर शोभा लगबगीने आली. "ड्रमात नका ओतू मॅडम. तुमचं तुमच्यासाठीच ठिवू." कॅन खुर्चीमागे ठेवला. अधिकारी म्हणून मान देतेय असं वाटलं. खोटं कशाला, बरं वाटलं.
आणि तिचे हात. अलिबागवाली हिच्यापुढे काहीच नाही. कानामागे, मानेच्या खळगीत, कुठे दुखतंय ते न सांगता सापडलं तिला. डोळे भरून आले. या गावात आल्यापासून मला कुणाचा हात लागला नव्हता. केंद्रावर सही घेतानाही माणसं कागद टेबलावर ठेवून मागे सरतात.

२४ मार्च, रवि.
पुन्हा गेले. मला वेगळा मग आहे, लाल. टॉवेलही वेगळा. बाकड्यावरच्या बायका मी शिरले की गप्प होतात, निघाले की परत सुरू. साहेबीणबाईंचा धाक, दुसरं काय. शोभाला म्हटलं, मॅडम नको, ताई म्हण. हसली. तिलाही बोलायला कुणी नसावं. नवरा ऊसतोडीला गेलाय. रविवारची वाट पाहायला लागलेय मी, एवढं या गावाला जमलं.

२९ मार्च, शुक्र.
सकाळी दूध घालायला कांताबाई आली. आमच्याच समाजातली. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तिच्या सासर्‍यांनीही तेव्हाच. माझे केस पाहून म्हणाली, "शोभीकडं गेलत्या का?" मी भरभरून सांगायला लागले.
"तुमचं पानी ड्रमात घेती का ती?"
"नाही. माझं वेगळं ठेवते."
हसली. "ठिवीलच की. आमचं बी वेगळंच र्‍हातं. कावून, ते कळंना का तुमाला? एवढं शिकल्या."
म्हणाली, त्यांच्या पोरी म्हणूनच पार्लरसाठी तालुक्याला, गेवराईला जातात.
मग तिने तिची बरणी टाकीत ओतली. तिच्या आधी पाटलाच्या गड्याने ओतली होती, तिच्यानंतर किराणावाल्याने. सगळं दूध एकच झालं. मी टाकीतला नमुना घेतला, फॅट तपासलं, सही केली. लाल मग. आणि मी त्याला मान समजले.

३१ मार्च, रवि.
गेले, बसले नाही. दारातूनच विचारलं. शोभाने आधी मान खाली घातली, मग बाकडं रिकामं आहे पाहून बोलली. "मला काई वाटत न्हाई ताई. वाटलं असतं तर तुमच्या डोक्याला हात लावला असता का? पन ह्या बाया उठून जातील. मी काय खाऊ?"
हाताला चालतं, पाण्याला चालत नाही. मी म्हटलं, तुझा हात तुझ्याकडेच ठेव. घरी येऊन डोकं भिंतीला टेकून बसले. तिचा राग आला, तिच्यापेक्षा त्या बाकड्याचा. आणि रविवार गेला याचंही वाईट वाटलं, त्याचा सगळ्यात जास्त राग.

९ एप्रिल, मंगळ.
टँकर फिरकलेला नाही. मुलं रस्त्याकडे तोंड करून बसलेली. केस मागे बांधून टाकते, आरशात बघत नाही.

११ एप्रिल, गुरु.
सायंकाळी शोभा माझ्या खोलीच्या दारात. उद्या पाटलांच्या पुतणीचं लग्न, नवरीला तयार करायचं काम तिच्याकडे. पाटलांनी बाहेरून टँकर मागवला, तो सगळा मांडवाला आणि जेवणाला. नवरीच्या केसांचं शोभाने बघायचं. ड्रम खडखडीत.
"ताई, तुमच्याकडं पानी असंल तर..."
आता चालतं माझं पाणी. म्हटलं, देईन. पण मी स्वतः येऊन ड्रममध्ये ओतणार, सगळ्यांसमोर.
चौकट नखाने खरवडत होती. "गुपचूप दिलं असतं तर कुनाला कळलं नसतं," म्हणाली. मी म्हटलं, म्हणूनच.
"बघा मग," म्हणाली आणि गेली.

१२ एप्रिल, शुक्र.
दोन कॅन भरून नेले. नवरी खुर्चीत, खांद्यावर टॉवेल. बाकड्यावर तिची काकू आणि घरच्या बायका. शोभाने मला अडवलं नाही. मी झाकण काढलं आणि ओतलं. रिकाम्या ड्रमात केवढा आवाज होतो.
काकू उठली. "शोभे, काय चाललंय हे?"
शोभाच्या हातात मग होता. म्हणाली, "पानी हाय, काकू. दुसरं कुटलं न्हाई."
नवरी हळूच म्हणाली, "काकू, उशीर होतोय. धू दे की." एवढं तरी कुणीतरी म्हणालं. काकूने तिचा दंड धरून उठवलं. सगळ्या निघाल्या. नवरी शोभाचा टॉवेल खांद्यावर तसाच घेऊन गेली.
खोलीत आम्ही दोघी आणि तळाशी पाणी आलेला ड्रम. शोभा म्हणाली, "झालं समाधान?"
नाही झालं. पण ओतलं ते बरोबर ओतलं. परत ओतेन.

१६ एप्रिल, मंगळ.
पार्लर बंद. क्लार्कने ऐकवलं, "मॅडम, गावात राहायचं तर गावासारखं र्‍हावं." त्याला म्हटलं, मग उद्यापासून दुधाच्या टाक्याही वेगळ्या करा, गावासारख्या. रजिस्टर उघडून बसला. कांताबाई म्हणते शोभाकडे कुणी येईना. वाईट वाटलं. पण मी माफी मागायला जाणार नाही, मागायची तर बरीच मंडळी माझ्या आधी रांगेत आहेत.

२१ एप्रिल, रवि.
टँकर परवा आला. पार्लर उघडलंय असं कांताबाईने सांगितलं. सवयीने कॅन भरला. सवयीने म्हणते, पण रात्रीच ठरवलं होतं.
दाराशी ड्रम नाही. विचारलं तर विकला म्हणाली. भिंतीला लागून कॅन, बरण्या, कळशा, प्रत्येकावर खडूने नाव. बाकड्यावर बायका परत आलेल्या, आपापल्या पाण्यावर डोळा ठेवून. ती मोकळ्या हाताने येणारी म्हातारी दारातच उभी होती, तिच्या वाट्याचं पाणी ड्रमाबरोबरच गेलं, तिला कुणी आत ये म्हणेना. माझ्याकडे बघून पचकन थुंकली.
शोभा पुढे आली. बारीक झालीय. पाण्याचे मगही सगळे एकाच रंगाचे आणलेत तिने, हिरवे. लाल कुठेच दिसला नाही.
"आता समद्यांचं वेगळं," म्हणाली. "तुमच्यासारकंच. बसा ताई."
हातात खडू होता. कॅनवर नाव घालायला वाकली आणि विचारलं, "काय लिहू?"
म्हातारी अजून दारातच. मी कॅन खाली ठेवला नव्हता.