लाल मातीतली गंजाची रेघ

४ नोव्हेंबर
"हिनाताच्या शेतकऱ्यांनो, आपल्या टेकडीला हे लोक नुसता मुरूम म्हणतात!" — पुढच्या रविवारच्या सभेत सुरुवात हीच. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. टेकडी फोडून रस्ता करणाऱ्यांना आता तोच ऐकवणार. लाल मातीत, दोन मीटर खाली, दगडी पातं निघालंय. तीस हजार वर्षांपूर्वीचं! टेकडीवर खणणाऱ्या आमच्या मंडळातल्या मोगीसाननी काढलं, माझ्यादेखत.

५ नोव्हेंबर
पातं घरी आणून दात घासायच्या ब्रशनं धुतलं. काळ्या काचेसारखं. मुळा कापून पाहिला — सर्रकन कापला! अंगठा टेकायची जागा माझ्याही अंगठ्याला बेतलेली. कोणी घडवलं असेल? बाई असेल का?
एका बाजूला तपकिरी रेघ आहे, केसाएवढी. डाग निघेना.

७ नोव्हेंबर
भिंगातून पाहिलं. डाग नाही, गंज आहे.
त्या काळी लोखंड कुठलं? आम्हीही खड्ड्यात बांबूच्या पट्टीनंच खरवडतो. मग मोगीसानच्या कोन्याकू कंदाच्या शेतात सापडलेले दगड काढून पाहिले, माझ्याकडच्या बिस्किटांच्या डब्यातले. बहुतेकांवर अशीच रेघ! शेतात कुदळ घासली की उमटते.

८ नोव्हेंबर
मोगीसान ओसरीत सुकवायची पर्सिमनची फळं सोलत होते.
"ही रेघ कसली?"
"या वयात डोळे फार चालतात तुमचे, बाई!" हसले. मग सुरी थांबली. "खणायचा शेवटचा आठवडा होता. खड्डा रिकामा. टेकडीत जुनं काही आहे असं तुम्ही गावोगाव बोलून बसलेल्या. काहीच निघालं नसतं तर लोकांनी तुम्हाला खाल्लं असतं."
"म्हणून पुरलंत?"
"दगड खोटा नाही हो. माझ्याच शेतातला. जागा तेवढी बदलली."
"जागा हेच तर सगळं! ती गेली की उरतो मुळा कापायचा दगड!"
केवढ्यानं ओरडले मी. शेजारीण डोकावली.

९ नोव्हेंबर
भाषण पुन्हा वाचलं. एकही वाक्य खोटं वाटत नाही — हेच भयंकर.

१२ नोव्हेंबर
सभेत आधी गंजाची रेघ दाखवली, मग पातं कुठून आलं ते सांगितलं. मोगीसान उठले, सगळ्यांसमोर माफीसाठी कमरेत वाकले, बराच वेळ वर आलेच नाहीत. रस्तावाले हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "मग खाली आहे तरी काय, बाई?"
जन्मात पहिल्यांदा मी व्यासपीठावरून म्हणाले — मला माहीत नाही. उद्या सकाळी नऊला सगळे खड्ड्यावर या, आणि माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतःच्या हातानं खणा!