आईच्या स्वयंपाकघरातला नंबर

सेंट बेनोआ, मेन
१९ ऑक्टोबर २०२३

प्रिय रेमंड,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल. बटाटे काढून झाले. आईचा गुडघा तसाच आहे आणि जीभही तशीच. दर मंगळवारी दुपारी तू तिला पिण्याच्या पाण्याचे कॅन आणून देतोस, त्याबद्दल ती तुझं कौतुक करत असते. त्या कॅनांविषयी पुढे लिहिते.

ईमेल केली नाही, कारण तुझी ईमेल तुझ्या कागद गिरणीच्या ऑफिसात उघडते. आणि माझा फोन तू जुलैपासून घेत नाहीस. म्हणून हे पत्र.

ईस्टरच्या जेवणाला तू माझी खेचलीस, ते आठवतं का? मोबाइल सगळ्यांना दाखवत म्हणालास, "हे बघा, आमच्या ताईंचं विहिरींचं पान. वरच लिहिलंय, 'सुरक्षित नाही'. कंप्युटरचा हिच्यावर विश्वास नाही, गावाने कशाला ठेवायचा?" सगळे हसले. मीही हॅम चावत हसले. पण तू बोललास ते खरं होतं. लोक आपल्या विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट पानावर टाकायला यायचे आणि ती ताकीद बघून माघारी जायचे. गावात विहिरी ऐंशी, रिपोर्ट आले नऊ. नऊ रिपोर्ट घेऊन राज्य सरकारच्या दारात गेलं तर कोणी कॉफीसुद्धा विचारत नाही.

तेव्हाच ठरवलं की ती ताकीद घालवायला सर्व्हरसाठी रीतसर प्रमाणपत्र मागवायचं. फुकटचंही मिळतं, पण त्यात फक्त पानाचा पत्ता असतो. मला त्यावर 'सेंट बेनोआ विहीर मंडळ' हे नाव गावासकट हवं होतं. विहिरी नासवणारा गाळ शेतांवर कोणी पसरला ते आम्ही उघड विचारतोय, मग स्वतःचं नाव का झाकायचं?

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला, कंप्युटर नाही. सर्व्हरवर एक हुकूम टाइप केला की दोन फायली तयार होतात, एक चावी आणि एक अर्ज. अर्ज प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीला पाठवायचा, चावी कोणालाही दाखवायची नाही. दोन्ही दिसायला सारख्याच, नुसती अगम्य अक्षरं. मी शहाणीने अर्जाऐवजी चावीच पाठवली. कंपनीच्या बाईंचं उत्तर आलं, "ही चावी आता बाद झाली समजा. नवी करा." केली. राज्याचं नाव आखूड लिहिलं म्हणून अर्ज एकदा परत आला, तोही दुरुस्त केला. या वयात शिकताना लाज वाटली नाही, उलट मजा आली.

मग उरला शेवटचा सोपस्कार. मंडळ खरंच आहे ना, हे कंपनी फोन करून विचारते. आपण देऊ त्या नंबरवर नाही, टेलिफोनच्या यादीत असेल त्याच नंबरवर. यादीत मंडळापुढे आईच्या स्वयंपाकघरातला नंबर आहे, कारण आमच्या बैठका तिच्याच टेबलावर होतात.

सप्टेंबरात उत्तर आलं की अर्ज बंद केला आहे. 'मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन केला असता तेथील गृहस्थांनी असे कोणतेही मंडळ येथे नसल्याचे सांगितले.'

बाबा गेल्यापासून त्या घरात गृहस्थ कोण येतो, रेमंड?

मला राग आला. अजून आहे. तुझी पेन्शन दोन वर्षांवर आली आहे, गाळाचे ट्रक पाठवताना सह्या तुझ्या होत्या, हे मला कळतं. तेवढ्यासाठी मी तुला माफही केलं असतं. पण आईच्या विहिरीत गाळाचं विष असल्याचा रिपोर्ट जूनमध्ये आला आणि तू तिला पाणी आणून देतोयस मार्चपासून. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "जुने पाइप आहेत, चव बरी नाही." म्हणजे तुला आधीच माहीत होतं. आपल्या आईपुरतं तू वाचवलंस आणि एकोणऐंशी घरांना पिऊ दिलंस. शेजारच्या सिर कुटुंबात मार्चपासून तान्हं बाळ आहे.

मी अर्ज पुन्हा केला. या वेळी फोन आईने घेतला. मी समोर तव्यावर प्लॉयची धिरडी भाजत होते.

"मंडळ आहे का म्हणून काय विचारता?" ती म्हणाली. "माझ्या टेबलावर बसून माझी कॉफी संपवतात मेले. आहे म्हणून लिहून घ्या. आणि सेक्रेटरी माझी मुलगी आहे. ती खोटं बोलली तर मला लगेच कळतं."

फोन ठेवून तिने मला विचारलं, "कोरीन, मागच्या वेळी फोन कोणी घेतला होता?"

मी म्हटलं, "कोण जाणे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या कॅनांकडे. तुझ्यासाठी मी तिच्याशी खोटं बोलले, ते पहिलं आणि शेवटचं.

प्रमाणपत्र आलं. ताकीद गेली. प्रमाणपत्र उघडून बघ, आमचं नाव त्यात ठसठशीत आहे. अकरा दिवसांत त्रेपन्न रिपोर्ट आले. पहिला आईचा आहे, तिच्या पूर्ण नावाने, तिनेच सांगितल्याप्रमाणे. तुझ्या साहेबांना हवं तर छापून दे. पान बंद होणार नाही. नवी चावी माझ्याशिवाय कोणी पाहिलेली नाही.

प्रमाणपत्र एका वर्षाचं असतं. ते संपण्याआधी, पुढच्या सप्टेंबरात, तोच फोन पुन्हा वाजेल. मी नंबर बदलणार नाही, आणि तू मंगळवारी येणंही थांबवू नकोस. वाजला तर तूच उचल. आई समोरच बसलेली असेल.

तुझी ताई,
कोरीन
सेक्रेटरी, सेंट बेनोआ विहीर मंडळ