पाच वाजता चित्र फाटतं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज परत! पाच वाजून दहा मिनिटं — चित्राचे चौकोन, आवाजाचे तुकडे. पंधरा मिनिटं तमाशा, मग आपोआप साफ. चाळीस वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त केले, अख्ख्या केडगावच्या गच्च्या पालथ्या घातल्या, आणि म्हातारपणी स्वतःचाच टीव्ही वाकुल्या दाखवतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

जेनीला फोन लावला. उचलला नाही. पुष्पाच्या मातीला आली, माझ्याशी एक शब्द न बोलता देवळाली प्रवऱ्याला परत गेली. सात महिने झाले. एकच तर मुलगी. आईजवळ वेळेवर पोचलो नाही म्हणून राग. पण पुण्याची गाडीच मिळाली नाही, त्याला मी काय करणार?

४ फेब्रुवारी, मंगळवार

गच्चीवर गेलो. डिशच्या छत्रीची दिशा बरोबर. वायर शाबूत. कनेक्टर नवा बसवला. माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक.

पाच दहाला परत चौकोन.

५ फेब्रुवारी, बुधवार

शेजारचा अजिनाथ नेमका पाचलाच येऊन बसला. चित्र फाटलं तशी त्याने खुर्ची माझ्याकडे ओढली. मग हळूच म्हणतो, "कृपादानभाऊ, राग नका मानू. वहिनी पाचलाच चहा घेत हुत्या न्हवं? त्याच येत्यात."

मी म्हटलं, बाबा, आमच्यात मेलेली माणसं शेवटच्या दिवसापर्यंत झोपून असतात.

"मंग झोप लागत नसंल त्यास्नी," म्हणाला.

मी हसलो. तो गेल्यावर हसू आलं नाही. पुष्पाची झोप कधीच धड नव्हती, हे त्याला कुठून माहीत?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायलाही लाज वाटते. आज दोन कप चहा केला. दुसरा तिच्या खुर्चीपुढं ठेवला. पाच दहाला आवाज तुटायला लागला तेव्हा म्हटलं, "पुष्पा?" मोठ्यांदा म्हटलं. अंगावर काटा आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. चहावर साय धरली, मोरीत ओतला. पास्टरांना कळलं तर रविवारच्या उपदेशाला आयता विषय.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाचला काही नाही. मात्र सकाळी साडेअकराला फाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून आल्यापासून टीव्हीसमोर. दिवसभर साफ, एक ठिपका हलला नाही. भूत असेल तर त्याला रविवारची सुट्टी कशाला? हे माणसाचं काम आहे. कुठलं तरी यंत्र आहे आणि ते कुणीतरी चालवतंय. परवा मूर्खासारखा चहा काय ओतला मी!

१० फेब्रुवारी, सोमवार

सापडलं.

गेल्या जूनमध्ये पुष्पा पुण्याच्या दवाखान्यात होती. माझ्या तिकडं खेपा चालू, घर बंद. मुलगा मार्क पुण्याहून आला आणि हॉलमध्ये कॅमेरा लावून गेला. "चोरांसाठी, पप्पा," म्हणाला. त्याला इंटरनेट पुरवायला सिमवाला राऊटर. तो शहाण्यानं टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावरच ठेवला. माझी वायर पंधरा वर्षांची, वरच्या आवरणाखालची जाळी काळी पडलेली. राऊटरच्या लहरी तिच्यातून सरळ आत शिरणार, चित्राची वाट लावणार.

पाचच्या आधीच खुर्ची राऊटरजवळ ओढून बसलो. दिवा सावकाश लुकलुकत होता. पाच नऊला एकदम थरथरायला लागला — तिकडं चित्र फाटलं. पंधरा मिनिटांनी दिवा निवांत, चित्र साफ.

उपाय सोपा. राऊटर दुसऱ्या भिंतीला न्यायचा, नवी वायर टाकायची. वायरचं बंडल माळ्यावर आहे. अर्ध्या तासाचं काम.

पण राऊटरला पाचलाच काय एवढं बोलायचं असतं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

मार्कला फोन केला. त्याने सांगितलं, कॅमेरा एरवी आतल्या कार्डावरच साठवतो. कुणी मोबाईलवर बघायला लागलं, तरच राऊटर चित्र आणि आवाज बाहेर पाठवतो.

म्हटलं, आत्ता बघ. त्याने उघडलं — चौकोन. बंद कर. साफ. परत उघड. चौकोन. चार वेळा केलं. पोरगं वैतागलं.

"मग रोज पाचला बघतोस तू मला?"

"नाही हो पप्पा. पाचला मी कंपनीत, मोबाईल लॉकरमध्ये." मग म्हणाला, थांबा, कोणकोण बघतं त्याची यादी असते. ती उघडून वाचायला लागला.

"दोन मोबाईल आहेत. एक माझा. दुसऱ्याचं नाव मम्मी आहे. आज, पाच वाजून आठ मिनिटं."

मी त्याला ते नाव परत वाचायला लावलं.

"मम्मीचा मोबाईल तुमच्याकडेच आहे ना?" त्याने विचारलं.

नाही. माझ्याकडे नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कपाट, ट्रंक, तिच्या साड्यांच्या घड्या, बायबलचा कप्पा. कुठंच नाही. पाचला चित्र फाटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. समोर बसवेना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजही. चहा नाही केला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साडेअकरा. चौकोन. आणि त्याच वेळी खालून पोरांचा गलका — दप्तरं उडवत घरी चाललेली. शनिवारची सकाळची शाळा. साडेअकराला सुटते. रविवारी सुट्टी. एरवी पाचला सुटते.

जेनी मास्तरीण आहे!

मार्कला सांगितलं, त्याने तिला विचारलं. दवाखान्यातून सामान आणलं तेव्हा मोबाईल तिने ठेवून घेतला होता. शाळा सुटली की बसथांब्यावर उभी राहून ती मला बघते. सात महिने फोन उचलत नाही आणि रोज पंधरा मिनिटं मला बघते. मी रडलो. सरळ लिहितो, खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो.

वायर बदलायची नाही. मरू दे तो टीव्ही.

१६ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये बसलो होतो आणि डोक्यात लख्ख पडलं. मम्मीच्या मोबाईलवर हॉलचा कॅमेरा आला कुठून? बाहेर आल्याआल्या मार्कला विचारलं. म्हणाला, "मम्मीसाठीच लावला होता, पप्पा. तुम्ही जेवता का, ते तिला बघायचं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाली, नाहीतर तोंड फिरवून बसतील."

म्हणजे ११ जुलैला, पुष्पा गेली त्या दिवशीसुद्धा.

गाडी मिळाली नाही, असं मी या वहीतही लिहिलं. खोटं आहे. गाड्या होत्या. मी गेलोच नाही. तीनला जेनीचा फोन आला, "लगेच निघा." कपडे केले, चपला घातल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि टीव्हीसमोर बसून राहिलो. आदल्या आठवड्यात पुष्पाचं तोंड बघून आलो होतो. परत बघायची हिंमत नव्हती. भ्यालो, दुसरं काही नाही. चारला जेनीने विचारलं, कुठवर आलात? म्हटलं, सुपा आलं. पाचला म्हटलं, शिरूर. पावणेसहाला पुष्पा गेली.

आणि चार ते पावणेसहा टीव्ही सतत फाटत होता. मला चांगलं आठवतं, दोनदा उठून बॉक्सवर थापा मारल्या होत्या.

ती बघत होती. मी सुप्यात असल्याचं ऐकत होती आणि मला खुर्चीत बघत होती. जेनी शेजारी होती, तिनेही बघितलं. म्हणून बोलत नाही. ती बरोबर आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टीव्ही लावला आणि त्याच्याकडे पाठ करून कॅमेऱ्यासमोर बसलो. पाच दहाला मागं आवाज तुटायला लागला. आली.

सगळं सांगितलं. चपला, पिशवी, सुपा, शिरूर. म्हटलं, जेनी, मी भित्रा आहे. तुझी आई मला खोटं बोलताना बघत गेली, हे मला काल कळलं. तू नको बोलूस माझ्याशी. फक्त बघत जा.

आवाज आणखी अर्धा तास तुटत होता. मग एकदम साफ झाला. बातम्या लागल्या होत्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साफ.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी आहे, असं मनाला समजावलं. दिवसभर टीव्ही चालू. साफ.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शाळा होती. पाच. सव्वापाच. सहा. एक चौकोन नाही. इतकं स्वच्छ चित्र या घरात कधी नव्हतं. अजिनाथ खूश — "झालं का न्हाई बेस!" त्याला म्हटलं, घरी जा.

मीच घालवली तिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जेनीचा फोन आला. आधी नुसती रडली. मग म्हणाली, "पप्पा, मम्मीने तुम्हाला बघितलं नाही. तिचे डोळेच उघडत नव्हते. मोबाईल माझ्या हातात होता. ती सारखी विचारायची, कुठवर आले? तुम्ही मला खुर्चीत दिसत होता, आणि मी तिला सांगत होते, सुपा आलं, शिरूर आलं. तुम्ही तिथंच थांबलात. मी पुढं सांगत राहिले — वाघोली आली, रिक्षात बसले, जिना चढतायत. मग माझा हात तिच्या हातात दिला. म्हटलं, पप्पा आले. तिने तो घट्ट धरला. हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून फोन उचलत नव्हते."