व्यंकटच्या नावाचा शिंपला

कलकत्ता,
ता. ३ मार्च १९६१

चि. सरोजिनीस दादाचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पावलं. तात्यांना पेज तरी जाते हे वाचून हायसं वाटलं. इथल्या संग्रहालयातले दगड झालेले जुने शिंपले दोन आठवडे चाळले, डोळ्यांचं पाणी झालं. पण आपल्या धाकट्या व्यंकटनं कच्छात शोधलेला सपाट शिंपला एकाशीही जुळत नाही. म्हणजे जात नवी! जो वर्णन छापील त्यानं नाव द्यायचं, असा नियम आहे. मी व्यंकटचंच देणार. पोरगं पंचविशीच्या आत उन्हानं गेलं. निदान पुस्तकात तरी राहील. तात्यांना सांग, त्यांना तेवढाच आधार.

चित्रं तूच काढ. शाळेत मुलींना कमळं काढून दाखवून तुलाही वीट आला असेल! घरच्या कपाटात सपाट बाजूचे तीन नमुने आहेत. शिंपल्याची दुसरी, जोडीची बाजू मात्र कुठंच मिळालेली नाही. पोलिसांनी पाठवलेली व्यंकटची पिशवी दोन वर्षं तशीच बांधलेली आहे. तात्यांना विचारून ती उघड. लेख महिनाअखेर पाठवायचा आहे.

रागावलीस तरी लिहीत जा, एवढीच मागणी.

तुझा,
अनंत


औरंगपुरा, औरंगाबाद,
ता. ११ मार्च १९६१

ती. दादांस सरोजिनीचा सा. न. वि. वि.

नावाचं ऐकलं अन् तात्या उठून बसले. शेजारच्या मनकर्णाबाईंना हाक मारून त्यांनी स्वतःच सांगितलं, की आमचा व्यंकट आता किताबात जाणार. त्या दिवशी भाकरी मागून खाल्ली. पिशवीची गाठही त्यांनीच सोडली, अन् मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

दादा, लिहू का नको यात दोन दिवस गेले. आत सदऱ्यात गुंडाळलेला एक अख्खा शिंपला निघाला, दोन्ही बाजू जुळलेल्या. एक बाजू आपली सपाट. दुसरी फुगीर, अन् ती तुम्ही दिलेल्या जुन्या पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळते. पुन्हा पुन्हा मोजलं. चौदा उभ्या रेघा, बिजागरीजवळचे कानासारखे दोन्ही कोपरे, सगळं तेच. म्हणजे या जातीला शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी नाव देऊन ठेवलंय. त्यांना फुगीर बाजू मिळाली, आपल्याला सपाट, एवढाच फरक.

शिंपल्याबरोबर व्यंकटची तुम्हाला लिहिलेली, टपालात टाकायची राहिलेली चिठ्ठीही निघाली. त्यात आहे की तुमच्या पत्राप्रमाणं तो चार दिवस जास्त राहिला, दुसरी बाजू मिळाली, पण जात नवी नाही. दादांनी वाईट वाटून घेऊ नये, असंही लिहिलंय. कुठलं पत्र, दादा? तुम्ही तर सगळ्यांना सांगितलं होतं, की तो स्वतःच्या हट्टानं मागं राहिला.

उत्तराची वाट बघते. तब्येतीला जपावं.

तुमची,
सरोजिनी


कलकत्ता,
ता. १७ मार्च १९६१

चि. सरूस आशीर्वाद.

काल तुला एक पत्र लिहिलं होतं. तो शिंपला विहिरीत टाक, चिठ्ठी चुलीत घाल, कुणाला कळतंय, असं त्यात होतं. टपालपेटीपर्यंत गेलो अन् फाडून टाकलं. शरम वाटली. पोरानं जिवावर उदार होऊन जे खरं लिहिलं, तेच मी बुडवायला निघालो होतो.

पत्र माझंच. व्यंकट गेला त्या मे महिन्यात त्याचे सोबती परत निघाले होते. पाणी मिळत नाही, मीही येतो, असं त्यानं कळवलं होतं. मी लिहिलं, की एका बाजूवरून जात ठरत नाही, दुसरी सापडल्याशिवाय येऊ नकोस. नव्या जातीचं वर्णन केलं म्हणून माझा बोलबाला व्हावा, एवढीच हाव होती, सरू. त्याच्या नावाचं तो गेल्यावर सुचलं.

लेख देणार नाही. तात्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मला धीर होत नाही.

माया करवत नसेल तर निदान शिव्या तरी दे.

अनंत


औरंगाबाद,
ता. २४ मार्च १९६१

ती. दादांस सा. न. वि. वि.

जात जुनीच निघाली, नाव लागणार नाही, एवढंच मी तात्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. हे व्यंकटनंच ओळखलं का, असं विचारलं. व्हय म्हटल्यावर म्हणाले, पोरगा लई हुशार होता. अन् मग विचारलं, की असल्या उन्हात त्याला थांबायला कुणी सांगितलं.

मी पाणी आणायचं निमित्त करून उठले. त्या घटकेपासून त्यांनी अन्न सोडलंय. डॉक्टर आठवडा म्हणतात. येईल त्याला ते हेच विचारतात. काल तर दूधवाल्यालाही विचारलं. मला ठाऊक आहे अन् मी सांगणार नाही, ते माझं काम नव्हे. तुमचा भयंकर राग आलाय, दादा, अन् तुमची काळजीही वाटते. मिळेल ती गाडी धरा. आता पत्र लिहू नका. तुमचं पत्र येईपर्यंत विचारणारं माणूसच राहायचं नाही.

तुमची,
सरोजिनी