शटर बंदच राहू दे

४ जानेवारी १९८८
एका रबरी रिंगेपायी देशाचं संशोधन अडलं, याची नोंद असावी. मशीनच्या झाकणाची रिंग गेली. घरच्या कुकरची नेमकी त्याच मापाची. प्रमिलाने दिली नाही. म्हणे, आधी डाळ शिजू द्या, मग देश.

५ जानेवारी
शिपाई तोतारामने स्वतःच्या घरची रिंग आणली. चपखल. आठवड्यात परत करीन म्हटलं.
काचेवर असा पातळ थर बसवायचा की आरपार दिसेल आणि त्यातून वीजही वाहील. घड्याळातले, कॅल्क्युलेटरमधले आकडे त्याच्याच जोरावर दिसतात. जपानला जमलं, जळगावला का नाही? २५ला समिती येतेय. थर दिसला नाही तर मशीन धुळ्याच्या कॉलेजात. तिथल्या बन्सीलाल सरांना थर माहीत तो फक्त दुधावरचा.
उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

६ जानेवारी, सकाळी ११
थंडी फार.
लॅब म्हणजे जुनं गोदाम. दाराला दुकानासारखं लोखंडी शटर, समोर ट्रकांची धूळ. मशीन सुरू केलं, आत जांभळा उजेड. तोतारामने विचारलं, "सर, शटर उघाडू का?" म्हटलं, बंदच राहू दे, धूळ येते. कंपनीचा इंजिनिअर मशीन बसवायला आला तेव्हा मी यावलला लग्नात होतो. हा त्याच्यामागे पाने-पक्कड घेऊन फिरला. तेव्हापासून चोंबडेपणा वाढलाय.

११ जानेवारी
काच बाहेर काढली. आरपार! तोताराम म्हणे, "सर, काच ते कोरीच शे." इतका सूक्ष्म थर शिपायाला कसा दिसावा? वीज वाहत नाही. मीटर बिघडलाय. पुन्हा शटरचं विचारलं. ओरडलो.

१८ जानेवारी
दुसरा मीटर मागवला. तोही बिघडलेला. समितीसाठी भाषण लिहिलं, अकरा पानं.

२५ जानेवारी
मीटर ढिम्म. समितीबरोबर बन्सीलालही. त्यांनी मशीनमध्ये डोकावून पाहिलं. काचेच्या समोर आडवी एक पत्र्याची चकती, तीन आठवड्यांचा थर तिच्यावर. इंद्रधनुष्यासारखा. बाहेरच्या मुठीने ती बाजूला सारायची असते म्हणे. तिला शटर म्हणतात.
समितीने विचारलं, हे उघडलं का नाही? तोताराम पुढे झाला. "मना ध्यानमाच नही ऱ्हायनं, साहेब."
मी भाषण वाचलं नाही. बाकीही काही बोललो नाही.

२७ जानेवारी
मशीन धुळ्याला गेलं. रिंग आधीच काढून घेतली होती. घासून धुतली, तोतारामच्या घरी नेली. तो नव्हता. त्याची बायको सुंदरबाई पातेल्यात डाळ घोटत होती. विचारलं, "काम व्हयनं का, सर?"
हो म्हटलं. रिंग तिच्या हातात दिली.