एरर कोणाच्या नावावर

९ जाने., शुक्र.
नाही, मला झोप लागली नव्हती. डोळे मिटून ऐकत होते. इंग्रजी कॉमेंट्री कळत नाही, बॅटचा आवाज तर कळतो ना.

अन्वीला शाळेत आकड्यांचा प्रोजेक्ट. बाईंनी प्रत्येकाला एकेक जुनी मॅच वाटली. आमच्या नातीच्या वाट्याला अमेरिकेतलं बेसबॉल, काळंपांढरं, माझ्या जन्माच्या आधीचं. सून हॉस्पिटलात ड्यूटीवर, म्हणून शेजारी मी.

शेवटी बोर्डावर तीन आकडे. धावा, हिट आणि एरर. एरर म्हणजे कोणाच्या हातून चेंडू सुटला ते! मोजतात, नावानिशी लिहून ठेवतात. मी बघतच राहिले. आपल्याकडे कॅच सुटला की लोक शिव्या घालतात, विसरतात. बोर्डावर कोण लावतं?
"दॅट्स द रूल, आजी."
कसला रूल. निर्लज्जपणा.

१० शनि.
परत तीच मॅच. एक कोवळा पोरगा, चेंडू घरंगळत सरळ त्याच्याकडे आला आणि पायांमधून गेला. तिथेच हरले. अन्वी म्हणते तो कधीच वारला. पण एरर आहे, कॉम्प्युटरवर कोणीही बघावी.

एरर की हिट हे ठरवतं कोण? तर वर खोलीत एक माणूस बसलेला असतो. तो म्हणेल ते. खेळणाऱ्याला कोणी विचारत नाही.

जेवण गेलं नाही. बोलले नाही कोणाला, उगाच डॉक्टर-डॉक्टर करतात.

१२ सोम.
संजू कामावरून आला तो बूट न काढता सोफ्यावर. मीना अब्दुल्लाला, इथल्या तेलाच्या बंदरावर, त्यांच्या प्लांटात टाकी भरून वाहिली. सगळं तेल जमिनीवर. माणसं वाचली. ड्यूटीवर भोसले, संजूच्या हाताखालचा, आपला नाशिकचा. कशामुळे झालं ते संजूने लिहून द्यायचं.
"काय लिहिणार?"
"ऑपरेटर एरर. टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या काट्यावर विसंबून बसला, टाकीकडे गेलाच नाही."
पोळी तव्यावर करपली. म्हणजे वरच्या खोलीतला तो माणूस माझ्याच घरात.
"नोकरी जाईल त्याची?"
"नोकरी गेली की इकामा गेला, आई, इथे राहायचा परवानाच गेला. बायकापोरांना घेऊन परत. मला काय हौस आहे का?"

१४ बुध.
भोसलेचा फोन. मला!
"काकू, साहेबांना तेवढं विचारा ना. काटा अडकतोय हे मी आधीच बोललो होतो. नवीन मागवतो म्हणाले होते."
म्हटलं, रडू नको, नीट बोल. ठेवला फोन.

संजूला विचारलं.
"लिहून दिलं होतं का त्याने? तोंडी बोलला असेल तर मला नाही आठवत."
आठवत नाही की आठवायचं नाही... पोटचं पोर, आणि तोंडावरून काही कळेना.

१६ शुक्र.
भोसले बोलला होता. दिवाळीच्या फराळाला, ह्याच टेबलावर. मी चकल्या वाढत होते. "सर, टाकीचा काटा मधेच अडकतो." संजू म्हणाला, "मागवतो रे नवीन, घे अजून." दोघं हसत होते. मला बुधवारीच आठवलं, फोन हातात असतानाच. इथे लिहिलं नाही.

आज संजू समोर येऊन बसला. रिपोर्ट रविवारी द्यायचा.
"आई, दिवाळीला तो आला तेव्हा तू होतीस. काट्याचं काही बोलला होता का गं? तू सांगशील तसं लिहितो."

हो म्हटलं तर एरर माझ्या पोराच्या नावावर. इकामा त्यालाही आहे, शाळा अन्वीलाही आहे. नाही म्हटलं तर भोसलेची पोरं...

म्हटलं, "आता मला विचारतोस?"
"दुसऱ्या कोणाला विचारू?"

सांगितलं त्याला. एका शब्दात. तो चहा तसाच ठेवून बाहेर गेला. अजून आला नाही.

काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. कुठेच लिहिणार नाही. बास.